रामवाडीच्या जागेला भिंत घालू नये म्हणून

प्रति,
मा. प्रभाग अधिकारी साहेब,
मोकळ्या जागा व लोकसोयी विभाग,
प्रभाग कार्यालय, रामवाडी,
ता. पेण, जि. रायगड.

दि. १४ मे २०१८

अर्जदार : श्रीमती काशीबाई गुणाजी म्हात्रे, राहणार रामवाडी, पेण.

विषय : रामवाडीतील गणपती कारखान्यांच्या मागच्या मोकळ्या जागेला आठ फूट उंचीची, बिनदाराची भिंत घालण्यास हरकत, तसेच मुलांनी केलेला मातीचा नमुना जपण्याबाबत.

संदर्भ : १) रामवाडीतील मुलांचा अर्ज, फेब्रुवारी २०१७ (उत्तर आलेले नाही).
२) श्री. काळुराम गुणाजी म्हात्रे यांचा भिंतीसाठीचा अर्ज, मार्च २०१८ (मंजूर).
३) आपल्या कार्यालयाची नोटीस, जागेवरच्या खांबाला लावलेली.

महोदय,

१. नोटिशीत लिहिले आहे की भिंतीबाबत कोणाची हरकत असल्यास ती लेखी द्यावी. अर्जदाराची हरकत आहे. ज्यांच्या अर्जावरून भिंत मंजूर झाली ते श्री. काळुराम हे अर्जदाराचे चिरंजीव. दोघे एकाच घरात राहतात आणि एकाच चुलीवरचे जेवतात. हा अर्ज त्यांच्यापासून चोरून दिलेला नाही. जेवताना त्यांना सांगितले. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला आणि विचारले, "आई, तू माझ्याविरुद्ध अर्ज करणार?" अर्जदार म्हणाली, "तुझ्याविरुद्ध नाय रे. भिंतीविरुद्ध." त्यावर ते म्हणाले, "एकच हाय ते." ते एक नाही, एवढेच या अर्जात सांगायचे आहे.

अर्ज अर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहिला आहे. अक्षर वेडेवाकडे आहे, त्याची क्षमा असावी. अर्जात 'मी' लिहायचे नसते, 'अर्जदार' लिहायचे असते, असे नातीने शिकवले होते. ते बरेच झाले. 'मी' लिहून यातले बरेचसे लिहिता आले नसते.

२. सदर जागा म्हणजे कारखान्यांच्या मागच्या भिंती आणि गटार यांच्यामधली पट्टी. तिथे एक बदामाचे झाड आहे. बाकी फुटके साचे, प्लॅस्टरची रिकामी पोती आणि कोणीही टाकावा असा कचरा. अर्जदाराचे यजमान गुणाजी मिठागरावर होते. खाडीचा बांध फुटून घरात खारे पाणी आले तेव्हा कुटुंब रामवाडीत राहायला आले. मिठागरावर असताना दिवसाचे काम उरकले की बाया बांधावर वाऱ्याला तोंड करून बसत. रामवाडीत बसायचे तर दुसऱ्याच्या पायरीवर. पायरीवर बसले की घरातून कोणीतरी येऊन विचारते, "काही काम होतं का?" काम काहीच नसते, म्हणून उठावे लागते. अशी पुष्कळ वर्षे गेली. या जागेबद्दल आपल्या कार्यालयाकडे कधी तक्रार आली नाही, कारण इथे काही होऊ शकेल असे कोणाला वाटलेच नव्हते.

३. असे वाटायला लावले ते अर्जदाराची नात मालू हिने. मालू ही काळुराम यांची थोरली मुलगी. कॉलेज सांभाळून ती कारखान्यात आखणीला जात असे. मूर्तीचे सगळे काम संपले की शेवटी डोळे काढतात, त्याला आखणी म्हणतात. अंगाचा रंग कोणाच्याही हातात देतात, डोळे देत नाहीत. मालूला डोळे देत.

ती आणि शेजारचा कमळाकर असे दोघे रोह्याला एका शिबिराला गेले. आपल्या वस्तीतली सार्वजनिक जागा आपण कशी बदलायची, हे तिथे तरुण मुलांना शिकवत होते. रोह्याच्या मुलांनी एक थांबा बदलला होता. धाटावच्या कंपन्यांच्या शिफ्टची माणसे तिथे उन्हापावसात उभी राहत. मुलांनी त्यांना विचारून, मोजून, आधी बांबू-ताडपत्री लावून पाहून, मग अर्ज करून तिथे सावली आणि बाक करून घेतले. मालू आणि कमळाकर त्या बाकावर बसून आले.

मालू घरी आली ती चप्पल न काढताच म्हणाली, "आजी, आपली मागची जागा बदलता येते."

"कोण बदलणार?"

"आपणच. पण शांतीताई म्हणतात, आधी तिथं जाऊन नुसतं बसायचं. कोण येतं, कोण जातं, कोणाला काय पायजे ते बघायचं."

"बसायला मिळत नाय म्हणून तर बदलायची, नी बसायचं कुठं गो?"

मालू हसली आणि प्लॅस्टरचे पोते झटकून घेऊन गेली. अर्जदारही मागोमाग गेली. त्या जागेवर पहिल्यांदा बसलेली माणसे ती हीच, हे नोंदीसाठी लिहिले आहे. शांतीताई म्हणजे शिबिरात शिकवणाऱ्या बाई.

४. मग मुले घरोघर फिरली. प्रत्येकाला चिठ्ठी देऊन, या जागेवर तुम्हाला काय हवे ते लिहा, असे सांगितले. अर्जदाराने चिठ्ठी कोरी परत दिली. मालूने विचारले तेव्हा सांगितले की काही नको. "काही नको म्हणजे लिहिता येत नाय, व्हय ना?" असे ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यातून शाडूचा एक गोळा घेऊन आली. तो पाटावर थापून तिने त्यात बोटाने अक्षर काढले आणि अर्जदाराचे बोट धरून त्यावरून फिरवले. चुकले की पाण्याचा हात फिरवायचा, परत माती सपाट. वहीत चुकले तर चूक दिसत राहते. मातीत दिसत नाही. म्हातारपणी शिकणाऱ्याला हे बरे पडते. अर्जदाराची चिठ्ठी महिन्याने आली. तिच्यावर लिहिले होते : 'बसायला. वारा.' ती मुलांच्या अर्जाला जोडलेली आहे, आपण पाहिली असेल.

५. मुलांनी जागेचा नमुना शाडूचा केला. शिबिरात पुठ्ठ्याचा शिकवला होता, पण पेणच्या मुलांच्या हाताला पुठ्ठा कुठून वळणार? मोठ्या पाटावर गटार, झाड, दोन लहान बाक, एक लांब बाक, मुलांना खेळायला उतार, असे सगळे केले आणि शेवटी माणसे केली. इथेच सगळा घोटाळा झाला. माणसे अंगठ्याएवढी, पण कोण कोणते ते ओळखू यावे अशी होती. त्यामुळे लोकांना वाटले की ज्याची बाहुली जिथे, तिथेच त्याने पुढे कायम बसायचे.

इंदुबाई आमच्या समोर राहतात. त्या येऊन म्हणाल्या, "गो मालू, मला त्या पोपटच्या बाजूला काय म्हणून बसवलीस? तो तंबाखू थुंकतो." पोपट हे रिक्षा चालवतात. त्यांनी ऐकले आणि म्हणाले, "मला पण नको. ही बाय बोलायला लागली की माणूस थुंकणार नाय तर काय करणार?" मालूने इंदुबाईंना झाडाखाली हलवले. दुसऱ्या दिवशी पाहावे तर पोपट गटारात. कोणी ठेवले ते सगळ्यांना ठाऊक होते. असे रोज चालायचे. माती सुकू नये म्हणून नमुना ओल्या गोणपाटाखाली ठेवावा लागे. रामवाडीत एवढे हसू त्याआधी कधी झाले नव्हते, आणि त्यानंतरही नाही.

बाहुल्यांना डोळे नव्हते. इंदुबाईंनी त्यावरही तक्रार केली की आम्हाला आंधळे का ठेवले. मालू म्हणाली, "जागा झाली की डोळे. गणपतीला पण सगळं झाल्यावरच काढतात ना?" ते सर्वांना पटले.

अर्जदाराची बाहुली लांब बाकावर होती. तिच्या शेजारी मालूने एका माणसाची जागा मोकळी ठेवली होती. ती कोणाची, असे विचारले तर म्हणाली, "कोणाची पण. थोडी जागा ठेवावी लागते." आणि तुझी बाहुली कुठे, असे विचारले तर म्हणाली, "मी करणारी, आजी. माझं नंतर."

६. नमुना आणि अर्ज घेऊन मुले आपल्या कार्यालयात आली तेव्हा अर्जदार सोबत होती. आवक टेबलावर बाबाजी म्हणून लिपिक होते. माणूस चांगला. अर्जावर त्यांनी शिक्का मारला. मग नमुन्याकडे बघून म्हणाले, "जोडपत्र हाय ना हे? मग शिक्का पायजे. पण मारू कुठं?" मुलांनी पुष्कळ सांगितले की नको. पण शिक्क्याशिवाय दाखल करून घेता येत नाही, असा नियम. त्यांनी जपूनच मारला, पण माती ओली होती. शिक्का आत रुतला आणि जागेच्या तोंडाशी जिथे पायवाट सुरू होते तिथे गोल खड्डा पडला. बाबाजी स्वतःच ओशाळले. मालू म्हणाली, "असू द्या काका. पक्कं झालं."

पुढे चौकशीला गेल्यावर कार्यालयाने सांगितले की असा नमुना दाखल असल्याची नोंद सापडत नाही. अर्जदाराचे नम्र म्हणणे असे की नोंद मातीतच आहे. आपण कपाटावरून नमुना खाली उतरवून पाहावा.

७. उत्तराची वाट बघत उन्हाळा गेला. मुले गप्प बसली नाहीत. कारखान्यातल्या जुन्या फळ्या विटांवर ठेवून त्यांनी बाक करून पाहिले, कारण करून पाहिल्याशिवाय कळत नाही असे शिबिरात शिकवले होते. संध्याकाळी बाया येऊन बसू लागल्या. इंदुबाई आणि पोपट एकाच फळीवर बसले, दोन टोकांना, पण एकाच फळीवर. अर्जदार वाऱ्याला तोंड करून बसली. कोणी येऊन विचारले नाही की काही काम होते का.

८. मग पाऊस लागला. गटार तुंबून पाणी जागेवर चढले आणि फळ्या तरंगू लागल्या. गटाराबद्दल मुलांनी अर्जात लिहिलेच होते. मुले पाण्यात उतरून हातांनी गाळ काढू लागली. मालूच्या तळहाताला कारखान्यातल्या कोरणीने कापले होते. अर्जदाराने दारातून हाक मारली, "गो, बस झालं, ये वर." ती म्हणाली, "एवढं तोंड मोकळं करते नी आलेच." पाणी उतरले. ती आली. चार दिवसांनी ताप आला.

श्रावण होता, कारखान्यात रात्रंदिवस काम. सगळ्यांनाच बारीक ताप होता, त्यामुळे कोणी मोठे मानले नाही. डोळे पिवळे दिसू लागले तेव्हा पनवेलला नेले. डॉक्टर म्हणाले, उंदीर मुतलेल्या पाण्यातून हा ताप होतो, आधी आणायला हवी होती. पनवेलहून काळुराम आणि त्यांची पत्नी परत आले, मालूला आणले. त्याबद्दल अर्जदार आणखी काही लिहीत नाही.

कारखान्यात तिच्या हातच्या काही मूर्ती डोळ्यांविना राहिल्या होत्या. गणपती तोंडावर आले होते, दुसऱ्या कोणीतरी ते डोळे काढले. त्यात कोणाची चूक नाही. मूर्ती तशी देता येत नाही.

९. त्यानंतर जागेवर कोणी जाईनासे झाले. लोक म्हणू लागले की जागा वाईट, जागेने पोर घेतली. आयांनी मुलांना तिकडे पाठवणे बंद केले. फळ्या कोणी जळणाला नेल्या. कमळाकर आता धाटावला कंपनीत शिफ्टला जातो. रोह्याला उतरला की त्याला त्याच थांब्यावर बस मिळते, जिथे दोघे शिकायला गेले होते. तो म्हणाला, "आजी, रातपाळी करून पाय मोडलेले असतात, पण त्या बाकावर बसवत नाय. मी उभाच राहतो."

काळुराम यांनी मार्चमध्ये अर्ज केला की जागेला भिंत घालून ती कायमची बंद करावी, दार ठेवू नये. बहुतेक सगळ्या घरांनी त्यावर सह्या केल्या. तो अर्ज लगेच मंजूर झाला. मुलांचा अर्ज वर्षभर पडून होता, मग हा इतक्या लवकर कसा, असे अर्जदाराने आवक टेबलावर विचारले. बाबाजी म्हणाले, "काशीबाई, बंद करायचं काम सोपं असतं. भिंतीचा खर्च ठरलेला हाय, फूट मोजायचे नी लिहायचं. बसायचं काम कोणत्या खात्यात घालायचं ते कोणालाच ठाऊक नाय." ते हे टोचून बोलले नाहीत, खरे तेच बोलले.

काळुराम यांना या जागेचा राग आहे असे अर्जदारास वाटत नाही. त्यांच्याजवळ राग आहे आणि तो कुठेतरी ठेवायला हवा. घरात ठेवला तर आम्हा सगळ्यांना पुरून उरेल. म्हणून त्यांनी तो तिथे नेऊन ठेवला आणि आता त्याला भिंत मागत आहेत. अर्जदार त्यांची आई आहे, तिला हे कळते. पण ते जिला आत कोंडत आहेत ती वाईट जागा नाही. मालू शेवटची धडधाकट दिसली ती तिथेच. शेवटचे 'आलेच' म्हणाली ती तिथूनच. तिथे भिंत झाली तर अर्जदाराने दारात उभे राहून बघायचे कुठे?

१०. सबब अर्जदाराची विनंती अशी की भिंत घालू नये. गटार मोकळे करून घ्यावे, माणसांच्या हातांनी नव्हे, यंत्राने. आणि मुलांच्या नमुन्याप्रमाणे जागा करावी. हे सर्व होण्यासारखे नसेल तर निदान भिंतीला एक दार ठेवावे. दाराला कुलूप असले तरी चालेल, किल्ली आपल्याकडेच ठेवावी. अर्जदार मागायला येईल आणि परत आणून देईल. दार नियमात बसत नसेल तर बदामाच्या बाजूला भिंत थोडी बुटकी ठेवावी, वारा येण्यापुरती. तेही होत नसेल तर भिंतीच्या बाहेर, गल्लीच्या अंगाला, एक माणूस बसेल एवढा कट्टा करून द्यावा. भिंतीला पाठ लावून बसले तर पलीकडे ती जागा आहे एवढे पाठीला कळेल. याहून कमी काय मागावे हे अर्जदारास सुचत नाही. आपणास सुचल्यास कळवावे, ते कबूल राहील.

११. नमुना आपल्या कार्यालयात मधल्या कपाटावर, बांधलेल्या फायलींच्या मागे आहे. परवानगी घेऊन अर्जदाराने स्टुलावर चढून पाहिला. उताराची एक कड ढासळली आहे. इंदुबाईंचे डोके पडले आहे. पोपट शाबूत आहेत. हे इंदुबाईंना सांगितलेले नाही. बरोबर वरच्या छतावर पाण्याचा डाग आहे आणि पाऊस जवळ आला आहे. शाडूला फोडावे लागत नाही, पाणी लागले की ती आपोआप सुटते. तरी पावसाआधी नमुना कोरड्या जागी हलवावा.

लांब बाकावर अर्जदाराच्या शेजारची जागा अजून तशीच मोकळी आहे. तिच्यासाठी अर्जदाराने एक बाहुली केली आहे. अर्जदाराने मातीत आजवर अक्षरेच काढली होती, माणूस कधी केला नव्हता. त्यामुळे ती मालूसारखी झालेली नाही. वेणी तेवढी तिच्यासारखी आहे. ती त्या मोकळ्या जागेवर ठेवावी. डोळे काढलेले नाहीत. जागा झाल्यावर काढायचे, असा मालूचा नियम आहे आणि अर्जदार तो मोडणार नाही. जागा झालीच नाही तर आम्ही सगळेच तसे राहू.

भिंतीचे काम सुरू होईल त्या दिवशी आपण स्वतः जागेवर यावे, एवढीच शेवटची विनंती आहे. अर्जदार तिथे असेल. अडवायला नव्हे. शांतीताईंनी मुलांना सांगितले होते की कोणत्याही जागेचे काही करण्याआधी तिथे थोडा वेळ नुसते बसायचे असते. आपणही बसावे. पोते अर्जदार घेऊन येईल.

उत्तराची वाट पाहणारी, आपली नम्र,

काशीबाई गुणाजी म्हात्रे
(सही स्वतःची)

सोबत :
१) मुलांच्या अर्जाची प्रत.
२) भिंत नको म्हणणाऱ्यांच्या सह्या : कमळाकर, इंदुबाई, पोपट. (इंदुबाई यांची सही भिंतीच्या अर्जावरही आहे. त्या म्हणाल्या, "काळुरामचं पण खरं, तुझं पण खरं, मी काय करू गो?" पोपट यांनी इंदुबाईंच्या खाली सही करण्यास नकार दिल्याने त्यांची सही बाजूला आहे.)
३) मातीची बाहुली, एक. ओल्या फडक्यात बांधली आहे. माती अजून ओली आहे. कृपया तिच्यावर शिक्का मारू नये.